रविवारी अडीच तास, सोमवार ते शुक्रवार पाच जेवणं: मुलं असलेल्या घरासाठी पूर्वतयारी

सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा स्वयंपाक उरकण्याचा उत्साह बहुतेक घरांत दोन-तीन आठवड्यांत मावळतो. पाच पूर्ण पदार्थ रविवारीच शिजवून ठेवले जातात, बुधवारी मुलं त्याच डब्याकडे पाहून तोंड फिरवतात आणि शुक्रवारपर्यंत उरलेलं टाकून द्यावं लागतं. म्हणून इथे सांगितलेली पद्धत वेगळी आहे. रविवारी पदार्थ करायचे नाहीत, पदार्थांचे भाग करून ठेवायचे: शिजलेली कडधान्यं, कांदा-टोमॅटोचा दाट रस, उकडलेली अंडी, शिजलेलं चिकन, चिरलेल्या आणि वाफवलेल्या भाज्या. आठवड्यात रोज संध्याकाळी हे भाग वेगवेगळ्या मसाल्यांत एकत्र आले की २०-२५ मिनिटांत ताजं जेवण होतं आणि चव रोज निराळी राहते.

खालची मापं दोन मोठी माणसं आणि शाळेत जाणारी दोन मुलं धरून दिली आहेत.

आधी दिवसांचं गणित

शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस चांगलं राहतं. रविवारी दुपारी शिजवलेलं अन्न सोमवार, मंगळवार आणि बुधवारला पुरतं. गुरुवार-शुक्रवारचं अन्न रविवारीच फ्रीझरमध्ये गेलं पाहिजे. सगळं फ्रीजमध्ये ठेवून गुरुवारी वास घेऊन ठरवू म्हणणं धोक्याचं आहे, कारण माणसाला आजारी पाडणाऱ्या बऱ्याच जिवाणूंमुळे अन्नाचा वासही बदलत नाही आणि चवही.

फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरचं उणे १८ अंश हवं. फ्रीजच्या आतल्या बटणावरचे १ ते ५ हे आकडे म्हणजे तापमान नव्हे. एक साधा फ्रीज-थर्मामीटर मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवून सकाळी वाचा. या कामासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल, तर ती हीच घ्यावी.

पाच संध्याकाळची आखणी अशी करता येईल. सोमवारी चिकन आणि भाज्या परतून भाताबरोबर, मंगळवारी कडधान्य रसात, बुधवारी अंडी रसात आणि बाजूला गाजर-बीन्स. गुरुवारी फ्रीझरमधल्या कडधान्याचं आणि भाज्यांचं दाट सूप, शुक्रवारी फ्रीझरमधलं चिकन रसात. शाकाहारी घरात चिकनऐवजी दुसरं एखादं कडधान्य, पनीर किंवा टोफू घ्या. पनीर-टोफू रविवारी शिजवू नका. बंद पाकीट तसंच ठेवून त्या दिवशी उघडा.

सामान

सुकं कडधान्य ४०० ग्रॅम, टोमॅटो दीड किलो, कांदे ६०० ग्रॅम, बिनहाडाचं चिकन १ किलो, अंडी ८, गाजर ५०० ग्रॅम, फरसबी ४०० ग्रॅम, भोपळी मिरच्या ३, एखादी पालेभाजी २ जुड्या, गोठवलेले मटार ५०० ग्रॅम. ४०० ग्रॅम सुकं कडधान्य शिजून साधारण १ किलो होतं, म्हणजे दोन जेवणांचं. १ किलो चिकन शिजल्यावर जवळपास पाऊण किलोवर येतं, त्याचेही दोन भाग होतात.

डबे उथळ आणि रुंद असावेत, अन्नाचा थर ५ सेंटीमीटरपेक्षा जाड होऊ नये. खोल डब्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं.

शनिवारी रात्री: दहा मिनिटं

कडधान्य निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घाला. दर लीटर पाण्यात एक चमचा मीठ टाकलं तर सालं मऊ शिजतात आणि दाणे कमी फुटतात. खोलीत उकाडा असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी पाण्यावर फेस आलेला दिसेल.

त्याच वेळी फ्रीज उघडून आधीचं काय शिल्लक आहे ते पाहा आणि दोन कप्पे मोकळे करा. रविवारी गरम डबे हातात असताना जागा करायला घेतली की घोळ होतो.

रविवार: शेगडीवर कशानंतर काय

दोन शेगड्या आणि एक मोठं माणूस धरून हा क्रम लावला आहे. भाज्या आधी आणि कच्चं चिकन सगळ्यात शेवटी, हा क्रम बदलू नका. त्यामुळे चिकनची सुरी आणि पाट कच्च्या खाण्याच्या भाज्यांना लागत नाही.

*पहिली १५ मिनिटं.* भिजवलेलं पाणी ओतून द्या, कडधान्य धुऊन नव्या पाण्यात कुकरमध्ये चढवा. शिट्टी झाली की आच मंद करून छोले किंवा राजम्यासारखे मोठे दाणे १५-२० मिनिटं शिजवा. दाणा दोन बोटांत दाबल्यावर मधे कचकच न लागता चिरडला गेला पाहिजे. या टप्प्यावर टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काहीही घालू नका. आंबटपणात दाण्यांची सालं मऊ व्हायला खूप वेळ लागतो. दोन तास शिजवूनही दाणे कडक राहण्याचं हे नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे फार जुनं कडधान्य किंवा क्षार जास्त असलेलं जड पाणी.

राजम्याबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि थोडेसे कच्चे राहिलेले दाणेही जोराच्या उलट्या घडवतात. कमीत कमी ५ तास भिजवणं, ते पाणी टाकणं आणि खळखळत्या उकळीत निदान १० मिनिटं, शक्यतो ३० मिनिटं शिजवणं आवश्यक आहे. मंद आचेवर दिवसभर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नये. तिथलं कमी तापमान हे द्रव्य नष्ट करत नाही, उलट त्याचा जोर वाढवू शकतं.

*१५ ते ३० मिनिटं.* दुसऱ्या शेगडीवर रुंद कढईत ३ टेबलस्पून तेल आणि चिरलेला कांदा. सुरुवातीलाच अर्धा चमचा मीठ घातलं की कांद्याला पाणी सुटतं आणि तो न जळता मऊ होतो. मध्यम आचेवर १२-१५ मिनिटांत सोनेरी रंग येतो. तोवर सगळ्या भाज्या धुऊन निथळत ठेवा.

*३० ते ४५ मिनिटं.* कांद्यात चिरलेले टोमॅटो घाला. झाकण ठेवू नका. झाकणामुळे वाफ परत आत पडते आणि रस तासाभरानेही पातळच राहतो. मधूनमधून ढवळत ४० मिनिटं आटवा. कढईच्या तळावर चमच्याने रेघ ओढली आणि ती एक-दोन क्षण तशीच राहिली, म्हणजे रस तयार झाला. साधारण सव्वा किलो भरेल, म्हणजे ३०० ग्रॅमचे चार वाटे. यात तिखट, गरम मसाला, वाळलेली पानं काहीही घालू नका, मीठही कमीच ठेवा. मसाला त्या-त्या दिवशी पडला तरच मंगळवारचं आणि शुक्रवारचं जेवण वेगळं लागतं. परत गरम करताना रस आणखी आटून खारटपणा वाढतो, हेही लक्षात ठेवा. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्यासाठी थोडा कांदा-टोमॅटो बिनमिठाचा वेगळा शिजवा. गोडव्यासाठी त्याच्या अन्नात मध घालू नका. वर्षाखालच्या मुलांना मधातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

रस ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी भांड्यात साठवू नका. टोमॅटोचं आम्ल धातूशी प्रक्रिया करतं आणि चव बिघडते. काच किंवा स्टील बरं.

*४५ ते ७५ मिनिटं.* कुकर बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. त्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात ३-४ लीटर पाणी उकळा. फरसबीचे तुकडे ३ मिनिटं, गाजराच्या फोडी २ मिनिटं, एका वेळी साधारण ४०० ग्रॅमच टाका. भाजी पडल्यावर मिनिटभरात पाण्याला पुन्हा उकळी आली पाहिजे. येत नसेल तर भाजी जास्त झाली. बाहेर काढली की तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात.

हे काम टाळावंसं वाटतं, पण गोठवायच्या भाजीला ते करावंच लागतं. भाजीतली विकरं (एन्झाइम्स, म्हणजे भाजीचा रंग आणि चव बदलवणारी द्रव्यं) थंडीत मंदावतात, थांबत नाहीत. न वाफवता गोठवलेली फरसबी काही आठवड्यांत मळकट आणि गवतासारखी लागते. तीन-चार दिवसांतच संपवायच्या गाजराला मात्र याची गरज नाही, ते कच्चंच चिरून ठेवा.

भाजी कापडावर पूर्ण कोरडी करा, ताटात एका थरात पसरून तास-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग पिशवीत भरा. ओली भाजी थेट पिशवीत गेली की दगडासारखा एकच गोळा होतो आणि मूठभर हवी असली तरी सगळी सोडवावी, म्हणजे तिचा बर्फ वितळवावा लागतो.

भाज्या काढल्यावर त्याच उकळत्या पाण्यात अंडी अलगद सोडा, १०-११ मिनिटं ठेवा, मग बर्फाच्या पाण्यात. अंडी उकळत्या पाण्यात सोडली की थंड पाण्यापासून चढवलेल्या अंड्यांपेक्षा साल सहज निघते. बलकाभोवती हिरवट कडी दिसली तर अंडी जास्त वेळ शिजली. ती खायला चालतात. सालीसकट आठवडाभर फ्रीजमध्ये राहतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका, पांढरा भाग रबरासारखा होतो.

*७५ ते १०५ मिनिटं.* रस उतरला की त्या शेगडीवर चिकन. ते नळाखाली धुऊ नका. उडालेल्या शिंतोड्यांतून जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात, चिकन त्याने स्वच्छ होत नाही. ३-४ सेंटीमीटरचे तुकडे करून थोड्या तेलात, आलं-लसूण आणि मिठात शिजवा. सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यावर ७४ अंश हवेत. रंगावरून अंदाज चुकतो, अन्नात टोचायचा थर्मामीटर चुकत नाही. नंतर पाट, सुरी, ओटा आणि हात साबणाने धुवा.

लसूण वाटून तेलात बुडवून बाहेर ठेवायची सवय असेल तर ती मोडा. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बॉट्युलिझमच्या जिवाणूला असंच वातावरण लागतं. फ्रीजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त हवं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. ट्रेच्या एका खणात साधारण दोन टेबलस्पून मावतात.

*उरलेला वेळ* डबे भरायचा.

थंड करणं

अन्न बिघडतं ते बहुधा इथे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. “गरम काही फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं” असं म्हणून भरलेलं पातेलं संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. उथळ डब्यात काढलेलं, वाफ गेलेलं कोमट अन्न फ्रीजला जड जात नाही. भरलेलं मोठं पातेलं मात्र जातं.

लवकर थंड करायला पातेलं बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवा आणि ढवळत राहा. डबे फ्रीजमध्ये एकावर एक न रचता सुटे ठेवा, झाकण किंचित तिरकं. पूर्ण गार झाल्यावर घट्ट लावा.

भात या यादीत नाही, आणि तो मुद्दामच वगळला आहे. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिवाय फ्रीजच्या थंडीत भातातलं स्टार्च लवकर कडक होतं. २० मिनिटांत होणारा पदार्थ रोज ताजाच करावा. उरलाच तर लगेच गार करा, दुसऱ्या दिवशी संपवा आणि गरम करताना वाटीभर भाताला एक-दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा.

काय कुठे ठेवायचं

सोमवार ते बुधवारचे वाटे फ्रीजच्या वरच्या-मधल्या कप्प्यात. कच्चं मांस असेल तर सगळ्यात खाली, बंद डब्यात, म्हणजे त्याचं पाणी कशावर गळणार नाही.

गुरुवार-शुक्रवारचं कडधान्य, चिकन आणि रस पिशव्यांत भरून, हवा काढून, ताटावर आडव्या गोठवा. दोन सेंटीमीटर जाडीची पिशवी रात्रभरात सुटते, डब्यातला ठोकळा दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही मधून घट्ट असतो. डबाच वापरायचा तर वर दोन सेंटीमीटर जागा सोडा. पाणी गोठताना पसरतं आणि काच तडकते. प्रत्येक पिशवीवर पदार्थ, वाटे आणि तारीख भरण्याआधीच लिहा. ओल्या पिशवीवर पेन चालत नाही.

बटाट्याच्या फोडी, काकडी, कच्चे टोमॅटो, दही घातलेला रस्सा हे गोठवू नका. बटाटा भुसभुशीत होतो, काकडी पाणी सोडते, दही फाटतं.

पालेभाजी धुतली तर पुरती कोरडी करूनच डब्यात भरा, खाली-वर कोरडं कापड किंवा कागद घाला. अशी चार-पाच दिवस टिकते. पानांवर पाणी राहिलं की तिसऱ्या दिवशी चिकट होते. भोपळी मिरची चिरून चार दिवस राहते. कांदा बंद डब्यात तितकाच टिकतो, पण त्याचा वास सगळीकडे लागतो, म्हणून काचेच्या डब्यात ठेवा.

आठवड्यात रोजची कामं

बुधवारी रात्री गुरुवारच्या पिशव्या फ्रीझरमधून फ्रीजमध्ये काढा, गुरुवारी रात्री शुक्रवारच्या. ओट्यावर ठेवून सोडवू नका, बाहेरचा थर कोमट होतो तेव्हा आत बर्फच असतो. विसरलात तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदला. रस आणि सूप मात्र गोठलेलेच पातेल्यात टाकून मंद आचेवर सोडवता येतात.

गरम करताना रश्शाला मध्यापर्यंत उकळी आणा, सुक्या पदार्थाचा मधला भाग ७४ अंशांपर्यंत जाऊ द्या. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मधला भाग थंड राहतो, म्हणून अर्ध्या वेळेला ढवळा आणि शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवा. लागेल तेवढाच वाटा गरम करा. संपूर्ण डबा रोज गरम करून रोज परत ठेवण्यात अन्न प्रत्येक वेळी त्या धोक्याच्या तापमानातून जातं.

मसाला आता घाला. एके दिवशी जिरं आणि धणे, एके दिवशी लसूण आणि वाळलेली पानं, एके दिवशी मिरी आणि लिंबू. मुलांचा वाटा तिखट घालण्याआधी काढून घ्या.

मुलांचं ताट, मुलांचा डबा

लहान मुलं बहुधा मिसळलेलं अन्न नाकारतात. तेच भाग सुटे दिले तर खातात. ही पद्धत त्यासाठी सोयीची आहे: मोठ्यांसाठी रस्सा, मुलासाठी शेजारी-शेजारी अंडं, गाजर, दाणे आणि रसाची छोटी वाटी. नवीन भाजी ओळखीच्या दोन गोष्टींसोबत, एक-दोन घासांपुरती वाढा आणि खाल्ली नाही तर विषय सोडा. काही मुलांसमोर एखादा पदार्थ दहा-पंधरा वेळा यावा लागतो, मग ते तो चाखतात. आग्रहाने ही संख्या वाढते.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना कच्च्या गाजराच्या चकत्या, अख्खी द्राक्षं आणि अख्खे शेंगदाणे-बदाम देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. गाजर मऊ वाफवून लांब काप करा, द्राक्षं उभी चार भागांत चिरा.

शाळेच्या डब्यासाठी थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओतून द्या आणि वाफाळतं अन्न काठोकाठ भरा. कोमट अन्न भरलं तर थर्मास ते कोमटच ठेवतो, म्हणजे नेमकं नको त्या तापमानाला. उकडलेलं अंडं, दही अशा थंड डब्यासोबत गोठवलेली बर्फाची पिशवी हवी.

रविवारच्या कामात मुलांना घ्या, पण खरं काम द्या. तीन-पाच वर्षांचं मूल पानं खुडतं आणि भाज्या धुतं, सहा-आठ वर्षांचं अंडी सोलतं आणि डब्यांवर नावं लिहितं, त्याहून मोठं मूल कोणी शेजारी उभं असताना गाजर चिरतं. भाज्यांपैकी दोन पर्याय त्यांना निवडू द्या. “काय करू?” असं मोकळं विचारलं तर उत्तर दर आठवड्याला तेच येतं.

पहिल्यांदा करताना

पहिल्या रविवारी पाचही भाग करू नका. रस आणि कडधान्य एवढंच करा, त्याला दीड तास लागतो आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी हलक्या होतात. पुढच्या वेळी अंडी आणि भाज्या, मग चिकन. काम तीन तासांच्या पुढे जाऊ लागलं तर एखादा भाग कमी करा. सुट्टीचा अर्धा दिवस ओट्यापाशी गेला की चौथ्या आठवड्यात कोणी उभंच राहत नाही.

वीज गेली तर दारं उघडू नका. बंद फ्रीजमधलं अन्न ४ तास, पूर्ण भरलेल्या फ्रीझरमधलं सुमारे ४८ तास आणि अर्ध्या भरलेल्यातलं २४ तास सुरक्षित राहतं. फ्रीझरमधल्या पिशवीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ती पुन्हा गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरते. पूर्ण सुटून कोमट झालेली टाकून द्यावी.

शुक्रवारी रात्री डबे धुताना काय उरलं आणि काय बुधवारीच संपलं ते यादीच्या कागदावर लिहा. फरसबी दोन आठवडे उरत असेल तर ४०० ऐवजी २५० ग्रॅम घ्या, रस कमी पडत असेल तर टोमॅटो दोन किलोंवर न्या. एका वेळी एकच माप बदला.